घरातलं आजारपण, रात्रीच्या बातम्या आणि करुणा: तुम्ही प्रत्यक्षात कसं जमवता?

सिंहगडरस्ता

नमस्कार मंडळी. बुद्धपौर्णिमेला सगळ्या ग्रुपांवर कमळं आणि शांततेचे मेसेज फिरत होते तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं, आज दुपारी जरा सवड मिळालीये तर लिहून टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ बंद, रायल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीने, भरवावं लागतं. दिवसा ब्युरोच्या (घरी रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या) मावशी असतात, रात्र मी आणि नवरा वाटून घेतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मधल्या वेळात झोप धड लागत नाही म्हणून हातात मोबाईल, आणि मोबाईलवर युद्ध, कुठेतरी जमावाची मारहाण, कुणाचं घर पाडलं, कुणाचं लेकरू गेलं. ते सगळं बघून परत आईंजवळ जाते तेव्हा आत काही शिल्लकच राहिलेलं नसतं. त्या डाव्या हाताने ट्यूब ओढायला जातात, मी हात धरून ठेवते, आणि त्या माझ्याकडे अशा बघतात की मीच त्यांचा छळ करतेय.

मी मरकळला १० दिवसांचा विपश्यनेचा कोर्स केलाय, शेवटी मेत्ताभावना, म्हणजे मैत्रीचं ध्यान, शिकवतात ती घरी आल्यावरही चालू ठेवली. सकाळी बसून सगळ्या प्राणिमात्रांचं मंगल चिंतताना मन खरंच हलकं होतं. पण ते हलकं झालेलं मन डायपर बदलताना, औषधाच्या वेळा सांभाळताना, फोनवर नातेवाइकांना तेच तेच सांगताना कुठे जातं?

या सगळ्यात मला एका गोष्टीचा फार आधार वाटतो, विनयपिटकातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या पाली ग्रंथातल्या, महावग्गात आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झालेला, जुलाब होऊन तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. बुद्ध आणि त्यांचा शिष्य आनंद विहारात फिरत फिरत त्याच्यापाशी आले. बुद्धांनी विचारलं, तुझी शुश्रूषा करणारं कुणी नाही का? तो म्हणाला, नाही भंते, मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. मग बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, स्वतः पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, बुद्धांनी डोक्याकडून धरलं, आनंदाने पायांकडून, आणि उचलून खाटेवर ठेवलं.

कुणी डोक्याकडून धरलं आणि कुणी पायांकडून हे ज्याने कुणी लिहून ठेवलं त्याला मी मनातल्या मनात रोज हात जोडते. कारण मी आणि नवरा आईंना वर सरकवतो तेव्हा अगदी तसंच धरतो, आणि चुकीचं धरलं तर त्यांना दुखतं. त्यानंतर बुद्ध भिक्खूंना जमवून म्हणतात, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाहीत तर कोण करणार? आणि पुढे ते प्रसिद्ध वाक्य, "यो, भिक्खवे, मं उपट्ठहेय्य सो गिलानं उपट्ठहेय्य", ज्याला माझी सेवा करायचीय त्याने आजाऱ्याची करावी.

तर मला हे विचारायचंय की तुम्ही हे दिवसाच्या कामात कसं उतरवता? ध्यानाची पद्धत असो, घरातली एखादी व्यवस्था असो, बातम्यांचं काय करता ते असो. पुस्तकी उत्तरंही चालतील पण अनुभव असेल तर जास्त बरं. आणि एक सांगते, "ताई तुम्ही ग्रेट आहात" असं कृपया लिहू नका, त्याने रात्र सरत नाही.

---

दोनघोटचहा

वाचतेय. माझ्या वडिलांचं करून झालंय, सगळं डोळ्यांसमोर आलं. आत्ता फक्त एवढंच सांगते की रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि कूस बदलायच्या वेळेसाठी साधं गजराचं घड्याळ आणा. बाकी नंतर निवांत लिहिते.

---

पाली_वाचक

फार चांगला धागा. बातम्यांबद्दल जे लिहिलंय त्यावर आधी लिहितो, कारण तिथे जुन्या लोकांनी फार बारकाईने विचार करून ठेवलाय.

पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने विसुद्धिमग्ग या ध्यानमार्गावरच्या ग्रंथात चारही ब्रह्मविहारांचे, म्हणजे मेत्ता (मैत्री), करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्खा (समभाव) या मनोवृत्तींचे, प्रत्येकी दोन शत्रू सांगितलेत, एक लांबचा आणि एक जवळचा. करुणेचा लांबचा शत्रू क्रूरता, तो कुणालाही ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे संसारी दुःख, शोक. जवळचा अशासाठी की तो करुणेसारखाच दिसतो. दुसऱ्याचं दुःख बघून आपण खचतो आणि आपल्याला वाटतं की हीच करुणा. करुणेत नजर समोरच्याच्या दुःखावर असते आणि ते दूर व्हावं अशी इच्छा असते, शोकात आपण आपल्याच कालवाकालवीत गुंतून पडतो. रात्री तीन वाजता सगळ्या जगाचं दुःख स्क्रीनवर बघणं यातून शोकच वाढतो, कारण तिथे करण्यासारखं काहीच हाताशी नसतं.

उपेक्खेचाही जवळचा शत्रू सांगितलाय, अजाणतेपणातून आलेली बेफिकिरी. म्हणजे बातम्या बंद करून "जगाचं काय व्हायचं ते होवो" म्हणणं हेही चालत नाही. मी स्वतः दिवसातून एकदा, दुपारच्या जेवणानंतर बातम्या वाचतो, आणि वाचताना एकच बघतो की यात माझ्या हातून काही होण्यासारखं आहे का. आठव्या शतकात शांतिदेव या बौद्ध आचार्याने हे दोन ओळींत सांगितलंय:

यद्यस्त्येव प्रतीकारो दौर्मनस्येन तत्र किम् ।
अथ नास्ति प्रतीकारो दौर्मनस्येन तत्र किम् ॥

उपाय असेल तर खिन्न कशाला व्हायचं, आणि नसेल तरी खिन्न होऊन काय होणार. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कोरडं वाटलं होतं पण बातम्यांच्या बाबतीत याच्याइतकं उपयोगी मला दुसरं काही सापडलेलं नाही. उपाय कधीकधी अगदी जवळ असतो. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, रक्तदान शिबिरं कमी होतात, रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. रक्त देऊन यायला एक तास पुरतो.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, बरीच वर्षं आयसीयूत काढलीत, हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. सिंहगडरस्ता ताई, तुमची जी अवस्था आहे ती आमच्या पेशातली रोजची आहे.

पाली_वाचक यांनी शोक आणि करुणा असं वेगळं काढलं ना, त्यावर मेंदूविज्ञानातही काम झालंय. तानिया सिंगर या शास्त्रज्ञ आणि मॅथ्यू रिकार हे बौद्ध भिक्खू यांनी मिळून केलेलं. माणूस दुसऱ्याचं दुखणं नुसतं स्वतःत ओढून घेत राहिला तर तो थकतो, मन नकारात्मक होतं. पण त्याच लोकांना मैत्री-करुणेचा सराव शिकवला की तेच दुःख बघताना मेंदूतले वेगळे भाग, आपुलकीशी संबंधित भाग, काम करू लागतात आणि माणूस टिकून राहतो. आमच्याकडे नवीन मुली येतात त्या पहिल्या काही महिन्यांत रडून रडून सुकतात आणि मग एकतर सोडून जातात नाहीतर दगड होतात. ज्या दगड न होता टिकतात त्यांच्याकडे बघितलं तर एक गोष्ट दिसते, त्यांचं लक्ष पेशंटच्या चेहऱ्यापेक्षा जास्त त्याच्या गरजेवर असतं. उशी कुठे टोचतेय, ओठ सुकलेत का, चादरीला सुरकुती पडलीये का.

आता ट्यूबचं. ट्यूब ओढणारा पेशंट वैतागवायला ओढत नाही, नाकात टोचतं, चिकटपट्टीखाली खाजतं, घशाला कोरड पडते. पट्टीची जागा बदलून बघा, नाकपुडी रोज साफ करा, डाव्या हातात धरायला मऊ कापडाची गुंडाळी द्या. आणि कूस बदलण्याआधी "आई, आता डाव्या कुशीवर घेतेय" असं दरवेळी मोठ्याने सांगा, बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं अजिबात नाही. मला विचाराल तर करुणेची सुरुवात या सांगण्यापासून होते.

---

पाली_वाचक

@रात्रपाळी, तुम्ही जे लिहिलंत ते महावग्गात त्याच गोष्टीच्या पुढे जवळपास तसंच आहे! शुश्रूषा करणारा चांगला कसा ओळखावा याची पाच लक्षणं दिलीत. त्याला औषध तयार करता आलं पाहिजे. काय मानवतं आणि काय मानवत नाही हे कळलं पाहिजे, मानवेल ते जवळ करावं आणि न मानवणारं दूर ठेवावं. तो मैत्रीभावाने करणारा हवा, लोभापायी नको. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढायला किळस वाटता कामा नये. आणि वेळोवेळी धम्माचं काही बोलून आजाऱ्याला उभारी देता आली पाहिजे.

औषध आणि पथ्य पहिल्यांदा आलंय बघा, मैत्रीभाव त्यानंतर.

आणि आजारी माणसाचीही बाजू घेतलीय आणि त्याचे कानही धरलेत. कुठल्या आजाऱ्याचं करणं अवघड असतं? जो अपथ्य करतो, ज्याला प्रमाण कळत नाही, जो औषध घेत नाही, जो भलं करणाऱ्याला आपलं दुखणं खरं खरं सांगत नाही, आणि ज्याला वेदना सोसवत नाहीत. म्हणजे काही आजाऱ्यांचं करणं खरोखर कठीण असतं हे तिथे सरळ मान्य केलंय. करणाऱ्याला अवघड वाटलं तर त्याच्यात खोट आहे असं कुठेही म्हटलेलं नाही.

---

सिंहगडरस्ता

@रात्रपाळी, कापडाची गुंडाळी दुपारीच करून दिली. धरून बसल्या आहेत.

@पाली_वाचक, शेवटचं वाचून फार बरं वाटलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

आता खरा सल बोलते. माझे दीर बेंगळुरूला असतात. आईंना झटका आला तेव्हा दोन दिवस येऊन गेले, त्यानंतर फक्त व्हिडिओ कॉल. आणि कॉलवर सल्ले, फिजिओ बदला, अमुक तेल लावा, आई बारीक दिसतेय तुम्ही नीट भरवत नाही का. मी मेत्ता करताना त्यांचा चेहरा आला की सगळं मोडतं. त्यांच्यावरही करुणा करायची, हे मला पटवून कुणी देऊ शकेल का?

---

कोरडं_मत

नका करू. स्पष्टच लिहितो. करुणा, क्षमा हे सगळं घरातल्या सुनांना शिकवायचं आणि मुलगे फोनवरून सूचना देणार, ही जुनी पद्धत आहे. धर्म कुठलाही असो, शेवटी सोसायला सांगतो ते बाईलाच. ताई, तुम्ही दिरांना सरळ सांगा की अर्धा खर्च द्या आणि वर्षातले काही आठवडे येऊन राहा. त्याला करुणा म्हणा नाहीतर म्हणू नका.

---

देहूरोड_लोकल

कोरडं_मत, तुमचा राग बरोबर आहे पण बुद्धांच्या करुणेवर तो लागू होत नाही. आमच्या देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. माझी आजी तेव्हा गर्दीत उभी होती, ती सांगायची ते ऐकतच मी मोठा झालो. बाबासाहेबांनी १९५६ च्या मे महिन्यात बीबीसीवर भाषण केलं त्यात बौद्ध धम्म का आवडतो हे सांगताना तीन तत्त्वं एकत्र सांगितली, प्रज्ञा, करुणा आणि समता. एकत्र. करुणा सुटी काढून कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायची आणि समता विसरायची हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

आता ताई, मी एक विचारतो, राग मानू नका. धाग्यात ब्युरोच्या मावशींचा उल्लेख आलाय, एका ओळीत. माझी आई ब्युरोतून १२-१२ तासांच्या ड्युट्या करायची, पुण्यातल्याच चांगल्या चांगल्या सोसायट्यांमध्ये. ती घरी येऊन सांगायची की कुठल्या घरात तिला वेगळा कप होता, स्टीलचा, बेसिनखाली ठेवलेला. दिवसभर त्यांच्या आईचं हागणंमुतणं या हातांनी काढायचं आणि चहा मात्र बेसिनखालच्या कपात. त्या घरात देव्हाऱ्याशेजारी बुद्धाचा सुंदर मुखवटा टांगलेला होता असं ती सांगायची. हे तुमच्या घराबद्दल नाही, तुमचं घर मला माहीत नाही. पण घरी राबणाऱ्या बाईला बसायला खुर्ची आहे का, दुपारी पाठ टेकायला जागा आहे का, आठवड्याची सुट्टी आहे का आणि त्या दिवसाचे पैसे कापले जातात का, हे करुणेच्या धाग्यावर आलंच पाहिजे असं मला वाटतं.

---

सिंहगडरस्ता

राग अजिबात नाही, उलट हे विचारलंत म्हणून आभार. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

मावशी आमच्याच कपातून चहा घेतात आणि आमच्याबरोबर टेबलावर जेवतात. सुट्टी रविवारची आहे, पण पगाराचा हिशोब ब्युरो करतो आणि सुट्टीचे पैसे त्यांच्या हातात येतात की नाही हे मी कधी विचारलेलं नाही. आज संध्याकाळी विचारते.

---

पाली_वाचक

देहूरोड_लोकल यांनी जे काढलं त्यावर महावग्गातच पुढचा भाग आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. भिक्खू वारला की त्याच्या पात्र-चीवराचा, म्हणजे भिक्षापात्राचा आणि वस्त्रांचा, मालक संघ. पण बुद्ध म्हणतात, आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांचे उपकार फार मोठे असतात, तेव्हा पात्र आणि चीवरं शुश्रूषा करणाऱ्यांना द्यायला मी संमती देतो. त्यात प्रश्न आला की एका भिक्खूने आणि एका सामणेराने, म्हणजे अजून पूर्ण भिक्खू न झालेल्या मुलाने, मिळून सेवा केली तर? तर सामणेरालाही समान वाटा. दर्जा कमी म्हणून वाटा कमी हे चालत नाही.

आता दिरांचं आणि कोरडं_मत यांचं. ती आजारी भिक्खूची गोष्ट बहुतेक लोक "माझी सेवा म्हणजे आजाऱ्याची सेवा" इथे थांबवतात. पण बुद्ध तिथे थांबलेले नाहीत. भिक्खू दुर्लक्ष करत होते, त्यांना क्षमा करून विषय संपवलेला नाही. त्यांनी लगेच नियम घालून दिला की आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर त्याने बरा होईपर्यंत बघायचं, नाहीतर आचार्याने, नाहीतर शिष्याने, नाहीतर गुरुबंधूने, आणि यातलं कुणीच नसेल तर संघाने. आणि जो बघणार नाही त्याला दुक्कट, म्हणजे दोष. करुणेतून पाळ्या लावून दिल्या! म्हणून दिरांना पाळी लावणं हे करुणेच्या विरोधात जात नाही, ते त्याच परंपरेत बसतं.

मेत्ता करताना चेहरा येतो त्याबद्दल. विसुद्धिमग्गात क्रम दिलाय, आधी स्वतःबद्दल, मग आदर वाटतो अशा प्रिय व्यक्तीबद्दल, मग ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही अशा तटस्थ माणसाबद्दल आणि वैरी सगळ्यात शेवटी. नवशिक्याने वैऱ्यापासून सुरुवात करूच नये असं स्पष्ट आहे. म्हणजे दीर सध्या यादीत नसले तरी चालेल. तटस्थ माणूस घ्या, रोज दूध टाकणारा मुलगा, सोसायटीचा वॉचमन.

आणि अजून एक, हे खास तुमच्यासाठी. तिथेच एक प्रसंग कल्पिलाय. तुम्ही, तुमचा प्रिय, तटस्थ आणि वैरी असे चौघे बसलेत आणि दरोडेखोर येऊन म्हणतात, यातला एक द्या, आम्हाला बळी द्यायचाय. तर "याला न्या" किंवा "त्याला न्या" म्हणणाऱ्याची मेत्ता पुरी झालेली नाही हे उघडच आहे. पण "मला न्या, या तिघांना सोडा" म्हणणाऱ्याचीही झालेली नाही असं बुद्धघोष म्हणतो. कारण त्याने स्वतःला वेगळं काढलं. चौघांपैकी एकही देण्यासारखा दिसत नाही तेव्हा आपला-परका ही सीमा मोडली. आपल्याकडे घरोघर "मला न्या" म्हणणाऱ्या बायकांना पुण्यवान म्हणतात. त्या जुन्या भिक्खूंनी ते मान्य केलेलं नाही.

---

कोरडं_मत

दरोडेखोरांचं माहीत नव्हतं. हे पटलं. माझ्या बहिणीला पाठवतोय.

---

जुनी_पेठ

पुण्यात बसून हा विषय निघालाय तर सावित्रीबाईंची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १८९७ च्या प्लेगात त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंतरावांनी ससाणे मळ्यात दवाखाना उघडला, सावित्रीबाई रुग्णांना तिथे नेत होत्या. मुंढव्याच्या गायकवाडांच्या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी स्वतः पाठीवरून आणलं आणि त्यातच त्यांना लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सत्यशोधक परंपरेतल्या त्या, बौद्ध नव्हेत, हे मला माहीत आहे, पण आजाऱ्याला शिवायचं नाही अशा काळात त्यांनी त्याला उचललं.

---

मुठाकाठ

जरा वेगळा अनुभव. जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं तेव्हा आम्ही काही जण चिखल काढायला गेलो होतो. पहिल्या दिवशी इतके लोक आले की उभं राहायला जागा नव्हती, बिस्किटांचे पुडे आणि जुने कपडे यांचा ढीग. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणी नव्हतं, आणि तेव्हाच खरं काम होतं, ओल्या गाद्या खाली आणणं, भिजलेले कागदपत्र पंख्याखाली पान पान वाळवणं, औषधांची चिठ्ठी वाहून गेलेल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे नेणं. एका आजोबांनी मला साखरेच्या गोळीचं नाव आठवत नाही म्हणून रंग सांगितला होता.

तेव्हापासून आमचा एक छोटा गट आहे, नाव वगैरे काही नाही. घटना ताजी असते तेव्हा आम्ही जात नाही, गर्दी ओसरली की जातो.

जुन्नर, कार्ले, भाजे ही आपल्या जवळची लेणी बघायला जाता तेव्हा चैत्यगृहाचे फोटो काढून लगेच उतरू नका, बाजूची पाण्याची टाकी बघा. जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचा लेख आहे. साधे व्यापारी, कारागीर लोक होते हे, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचे. डोंगर चढून आलेल्या माणसाला तहान लागते हे त्यांना कळत होतं आणि पावसाळ्यात साठवलेलं पाणी उन्हाळ्यात कामाला येतं हेही कळत होतं. मला हे लिहायचं कारण असं की सिंहगडरस्ता ताईंच्या घरी पाच महिन्यांनी कोण येणार हे आत्ता ठरवून ठेवायला पाहिजे. सुरुवातीला सगळेच विचारतात.

---

दोनघोटचहा

मुठाकाठ, +१. वडिलांच्या वेळी शेजारच्या काकू दर गुरुवारी संध्याकाळी येऊन बसायच्या आणि मला म्हणायच्या, जा तू फिरून ये. त्यांनी कधी "काही लागलं तर सांग" असं म्हटलं नाही. त्या फक्त गुरुवारी यायच्या. मी तेवढ्यात कॅनॉलच्या रस्त्याने चालून यायचे, कधी नुसतीच पायरीवर बसून राहायचे. वडील गेले त्याला आता काळ लोटला पण गुरुवार आला की काकूंना फोन करते.

---

सिंहगडरस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, एकेकाला वेगळं लिहीत नाही. काय काय झालं ते सांगते.

मावशींशी बोलले. रविवारचे पैसे कापले जात होते. ब्युरोला फोन केला तर त्यांनी नियम सांगितला. मग नवरा आणि मी ठरवलं की रविवारचे पैसे आम्ही थेट मावशींना द्यायचे. मावशी आधी नको म्हणाल्या, मग त्यांनी विचारलं की त्याऐवजी महिन्यातून एक शनिवार लागून सुट्टी मिळेल का, मुलीकडे चाकणला राहायला जायचंय. मी म्हटलं पैसेही घ्या आणि सुट्टीही घ्या. आता त्या दोन दिवसांसाठी दुसरी सोय बघायचीय.

दिरांशी नवरा बोलला, मी मुद्दाम शेजारी बसले होते पण बोलले नाही. त्याने तो महावग्गातला पाळ्यांचा नियमच वाचून दाखवला. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, रजेचं बघतो. आठवड्याने मेसेज आला की ऑगस्टमध्ये दोन आठवडे येतायत, आणि रात्रीसाठी अटेंडंट ठेवायचा तर त्याचा खर्च या महिन्यापासून त्यांचा. जाऊबाईंचा वेगळा फोन आला, त्यांनी विचारलं की ट्यूबमधून भरवायला किती वेळ लागतो. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्याबद्दलचा सल गेलाय असं नाही. त्यांना मेत्तेच्या यादीत अजून घेतलेलं नाही. सध्या तटस्थ म्हणून खालच्या मजल्यावरचे इस्त्रीवाले दादा घेतेय.

मोबाईल रात्री स्वयंपाकघरात ठेवते. त्याजागी एक करून बघतेय, आईंची कूस बदलून झाली की त्यांच्या पाठीवर हात तसाच ठेवते आणि त्यांचा श्वास चालतो त्याबरोबर मनात म्हणते, तुमचं दुखणं कमी होवो. मग स्वतःचं नाव घेऊन तेच म्हणते. परवा त्यांनी डाव्या हाताने माझ्या हातावर दोनदा थोपटलं. त्याचा अर्थ लावत बसत नाही, पण थोपटलं हे खरं.

---

देहूरोड_लोकल

जयभीम ताई. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या दोन दिवसांना कुणी मिळालं नाही तर तिच्या ओळखीतल्या एक बाई आहेत, कामाला चोख आहेत. मेसेजमध्ये कळवतो.

---

नवीनच_आलोय

पहिल्यांदाच लिहितोय. बाबांना परवा डिस्चार्ज मिळतोय, त्यांचीही एक बाजू गेलीये, डावी, घरी मी आणि आई दोघंच. धागा पूर्ण वाचला. डोकं बधिर झालंय, घरी आणल्यावर पहिल्या दिवशी नक्की काय काय लागतं हे कुणी सांगेल का? बाकीचं हळूहळू शिकेन.

---

रात्रपाळी

सांगते. हवेची गादी विकत घेऊ नका, महिन्याच्या भाड्याने मिळते, डोक्याकडून वर होणारा बेडही मिळतो, दोन्ही बाबा घरी यायच्या आदल्या दिवशी लावून घ्या. भरवताना डोकं उंच हवं आणि भरवून झाल्यावर किमान अर्धा तास तसंच उंच ठेवायचं, लगेच आडवं करायचं नाही. तोंडाने देणार असाल तर गिळता येतंय का याची तपासणी झालीये ना हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा, म्हणजे आईंना चष्मा शोधावा लागणार नाही.

आणि उद्याच वॉर्डमधल्या सिस्टरना सांगा की कूस बदलणं, डायपर आणि भरवणं हे मला तुमच्यासमोर स्वतः करून बघायचंय. नुसतं बघून येत नाही. आईंनाही बरोबर न्या, दोघांनी मिळून उचलायची सवय एकदम व्हायला हवी, एकाने खांद्यांकडून आणि एकाने पायांकडून. कंबरेत वाकू नका, गुडघ्यात वाका, नाहीतर पंधरा दिवसांत तुमचीच पाठ धरेल. तुम्ही राहता कुठे? त्या भागातले भाड्याने सामान देणारे इथे कुणाला माहीत असतील तर लिहा, मी आज ड्युटीवर आहे, उद्या दुपारी चारनंतर परत बघते.